पहिली शॉर्टफिल्म: कोल्हापुरात राहून, नोकरी सांभाळून

हा लेख कोल्हापूर आणि आसपासच्या त्या मंडळींसाठी आहे, ज्यांना सिनेमा करायचाय, पण सकाळी उद्यमनगरात, शाळेत, बँकेत नाहीतर घरच्या दुकानात हजर व्हावं लागतं. फोनमध्ये अर्ध्यावर सोडलेल्या शूटिंगच्या क्लिपा पडून आहेत, डोक्यात दोन तासांची गोष्ट आहे आणि हातात फक्त रविवार आहे, अशी माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली भेटतात. हौस भरपूर असते, हातही चांगला असतो. फक्त हातात असलेल्या वेळेपेक्षा गोष्ट मोठी निवडली जाते आणि मग ती रखडते.

म्हणून पहिल्या फिल्मची चौकट आधी आखून घ्या. पाच मिनिटं. दोन, फार तर तीन माणसं. दोन जागा. रात्रीचं शूटिंग नको. आणि या सगळ्यात वरचढ अट अशी, की जिथं शूट करणार तिथं पुन्हा जाता आलं पाहिजे. पैसेवाल्या निर्मितीला एखादी जागा दोन दिवस मिळते. त्या दोन दिवसांत जे पदरात पडेल ते खरं. तुमच्या मावशीचं पिठाची गिरणी असलेलं घर मंगळवार पेठेत असेल, तर आज ढगाळ आलं म्हणून बिघडलेला शॉट तुम्हाला पुढच्या रविवारी परत घेता येतो, त्याच्या पुढच्या रविवारी गिरणीचा आवाज वेगळा रेकॉर्ड करता येतो. हौशी माणसाची खरी श्रीमंती हीच आहे. पुढचं सगळं मी याच हिशोबानं सांगतोय.

विषय: आधी जागा, मग गोष्ट

कागद घ्या आणि जिथं तुम्हाला न विचारता आत जाता येतं अशा जागांची यादी करा. मामाचं लेथ मशीनचं वर्कशॉप, मित्राची तालीम, शेजाऱ्यांचा चपलांचा कारखाना, कॉलेजचं ग्रंथालय, गावाकडचं गुऱ्हाळ. प्रत्येक जागेत काम करणाऱ्या एका माणसाला आज काय हवंय आणि ते कशामुळं अडलंय, एवढं एका ओळीत लिहा. "तालमीत माती मळणाऱ्या पोराला आज पहिल्यांदा कुस्ती धरायचीय, पण वस्तादांनी अजून हो म्हटलेलं नाही." ही पाच मिनिटांची फिल्म झाली. "कोल्हापूरची कुस्ती परंपरा" हा विषय पाच मिनिटांत मावत नाही आणि पहिल्या खेपेला पेलतही नाही.

आपल्या मातीतली गोष्ट पडद्यावर आणायची रीत याच गावात फार जुनी आहे. कोल्हापूरचे चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ केला तो कर्जात बुडून जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्यावर. पौराणिक चित्रपटांच्या त्या काळात त्यांनी शेजारच्या शिवारातलं दुःख उचललं. तुम्ही तुमच्या गल्लीतलं उचला.

विषय निवडताना कॅलेंडरही बघा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाहेरचं शूटिंग धरून चालू नका. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा कधी पात्राबाहेर येईल याचा नेम नसतो आणि घाटावर ठरवलेला सीन पाण्याखाली जातो. पाऊस हवाच असेल तर घराच्या खिडकीतून, दुकानाच्या पन्हळीखालून मिळतो तेवढा घ्या. गणपतीच्या दिवसांत आवाजाची आशा सोडा. ऊस आणि गूळ हवा असेल तर दिवाळीनंतर लगेच तयारीला लागा. थंडीतली सकाळ आपल्याकडे सगळ्यात देखणी असते. नदीकाठी धुकं, ऊन तिरपं आणि मऊ. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातनंतर, त्यामुळे "संध्याकाळचा सीन" एवढंच लिहून चालत नाही, महिना लिहा.

लिहिणं

पटकथा पाच पानांच्या वर जाऊ देऊ नका. इंग्रजी साच्यात एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरतात. मराठीत हाताने लिहिलेल्या पानाचा तसा भरवसा नसतो, म्हणून सगळं मोठ्यानं वाचा आणि मोबाईलवर वेळ लावा. न बोलता घडणाऱ्या गोष्टी मनातल्या मनात पूर्ण घडू द्या: माणूस दार उघडतो, चप्पल काढतो, माठातलं पाणी पितो. कागदावर ती एक ओळ असते, पडद्यावर वीस सेकंद जातात.

संवाद बोलीत लिहा आणि ज्याच्या तोंडी आहेत त्याच्याकडून वाचून घ्या. "बाबा, मला आता या दुकानात काम करण्याची इच्छा उरलेली नाही" असं कोल्हापुरात कुणी बापाला म्हणत नाही. "आबा, मला न्हाई बसायचं हितनं फुडं दुकानात" असं म्हणेल. आणि त्याहून चांगलं म्हणजे तो काहीच बोलणार नाही. किल्ल्यांचा जुडगा गल्ल्यावर ठेवेल आणि पायरी उतरून जाईल. आबा जुडग्याकडं बघतील. संवाद लिहून झाला की दर वेळी हे विचारा: याच्याऐवजी हातानं काही करता येईल का? निम्मे संवाद गळून पडतात.

आपल्याकडे कित्येक मुली "मी जातो", "मी आलो" म्हणतात. पटकथेत तसंच लिहा. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ते चुकीचं वाटेल म्हणून सुधारत बसू नका. पात्र जिथलं आहे तिथलं वाटायला हवं. फक्त शिव्यांचा आणि "नाद खुळा"चा मारा टाळा, तेवढ्यानं कुणी कोल्हापुरी होत नाही.

आठवड्याची घडी

नोकरीवाल्या माणसानं शूटिंगचा दिवस आणि बाकीची कामं वेगळी ठेवली तरच जमतं. सोमवार ते शुक्रवार रोज एक तास काढा, जेवणाआधी किंवा पहाटे, जसं घरात सोयीचं असेल तसं. त्या तासात फक्त बसून करायची कामं: लिहिणं, फोन करणं, शॉटची यादी, क्लिपा लावणं, आवाज ऐकणं. शनिवारी संध्याकाळी बॅटऱ्या चार्जिंगला, मेमरी कार्ड रिकामं, कपड्यांची पिशवी भरलेली. रविवारी सकाळी सात ते अकरा शूटिंग, बास. अकरानंतर ऊन डोक्यावर येतं, माणसं कंटाळतात आणि घरचेही वाट बघत असतात. चार तासांत बारा-पंधरा शॉट नीट होतात. पाच मिनिटांच्या फिल्मला असे तीन-चार रविवार पुरतात.

घरच्यांना पहिल्या दिवसापासून सांगून ठेवा. आई, बायको, नवरा, भाऊ यांना चार रविवार तुम्ही कुठं असणार हे माहीत असलं की कुरबूर होत नाही, उलट डबा येतो. आणि जमेल त्याला काम द्या. शॉटचा नंबर आणि तो "ओके" की "परत" एवढं वहीत टिपून ठेवायचं काम दहावीतली बहीणही उत्तम करते. त्या वहीनं एडिटला बसल्यावर कितीतरी तास वाचतात.

मंडळींना पैसे देता येत नसतील तर खायला मात्र नीट घाला. सकाळच्या शूटला आधी चहा-पोहे आणि संपल्यावर मिसळ हा खर्च बजेटमध्ये पहिल्या ओळीवर लिहा, कॅमेऱ्याच्याही वर.

माणसं निवडताना

कोल्हापूरला नाटकाची हौस मोठी. राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धेच्या निमित्तानं इथं दरवर्षी किती तरी संघ तालमी करत असतात, त्यामुळे अभिनय येणारी माणसं शोधायला लांब जायला नको. त्यांना एक गोष्ट आधी समजावा: रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज आणि हातवारे इथं नकोत, कॅमेरा हातभर अंतरावर आहे. एक सोपी युक्ती आहे. संवाद म्हणताना त्यांना खरोखरचं काम द्या, शेंगा सोलायला, सायकल पुसायला, भाजी निवडायला. हात गुंतले की आवाज आपोआप खाली येतो.

पैलवान, कारागीर, गाडीवान अशी कधी अभिनय न केलेली माणसं घेणार असाल तर त्यांना पाठांतर देऊ नका. प्रसंग सांगा, ते त्यांच्या शब्दांत बोलतील. प्रत्येक वेळी वेगळं बोलतील हे खरं, म्हणून त्यांचा क्लोजअप आधी घ्या आणि समोरच्याची प्रतिक्रिया नंतर. लहान मूल असेल तर आई-बाबांची लेखी संमती घ्या आणि मूल दमलं की तिथंच थांबा. मोठ्यांकडूनही एका साध्या कागदावर नाव, तारीख, सही घ्या की या फिल्ममध्ये काम केलंय आणि ती दाखवायला हरकत नाही. पुढं एखाद्या महोत्सवानं हा कागद मागितला तर धावपळ होत नाही.

कॅमेरा: फोन असला तरी चालतो, पण त्याला लगाम घाला

सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा घडवला आणि त्यावर शूट केलेला ‘सैरंध्री’ १९२० साली लोकांनी पाहिला. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण आहे. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये त्या मानानं अफाट ताकद आहे. अडचण एवढीच, की फोन सगळे निर्णय स्वतः घ्यायला बघतो. ते त्याच्या हातातून काढून घ्यायचे.

फोनच्या कॅमेऱ्यात "प्रो" व्हिडिओ मोड असेल तर तो वापरा. नसेल तर ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा ही फुकट ॲप आहेत. दुसरं आयफोनवर चालतं, अँड्रॉइडमध्ये मात्र ठरावीक फोनवरच. सेटिंग अशी लावा:

फ्रेम रेट २५ (सेकंदाला २५ चित्रं), शटर १/५० (प्रत्येक चित्र सेकंदाच्या पन्नासाव्या भागात टिपलं जातं). आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण फोन ३० फ्रेम आणि १/६० वर असेल तर पडद्यावर काळसर पट्टे सरकताना दिसतात. २५ आणि १/५० ठेवलं की बहुतेक वेळा ते जातात. दुकानात, तालमीत, किचनमध्ये शूट करताना ही एक गोष्ट पाळली तरी फिल्म हौशी वाटायची थांबते.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरं दिसावं म्हणून फोन करतो ती रंगांची जुळणी, लॉक करा. ऑटोवर ठेवला तर माणूस खिडकीपासून चुलीकडं वळला की त्याचा चेहरा निळ्याचा पिवळा होतो, आणि हे एडिटमध्ये दुरुस्त करणं जिवावर येतं. एक्स्पोजर (किती उजेड आत घ्यायचा ते) आणि फोकसही शॉट सुरू होण्याआधी लॉक. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधार आपोआप सावरणारा मोड, बंद. रेझोल्यूशन १०८० पुरेसं आहे. ४के मध्ये शूट केलं तर ५० एमबीपीएसला (सेकंदाला ५० मेगाबिट) मिनिटाला साधारण ३७५ एमबी जातात आणि तुमचा लॅपटॉप रडकुंडीला येतो. व्हिडिओ फाइलचा प्रकार एच.२६४ ठेवा, एडिटला कमी त्रास होतो. डिजिटल झूम कधीच नको, पाय वापरा.

ट्रायपॉड घ्या किंवा मागून आणा. हातात धरून शूट करायचं असेल तर त्याला गोष्टीत कारण असू द्या.

दिवसा घरात शूट करताना बाहेरचे दिवे आणायची गरज नसते. माणसाला खिडकीच्या बाजूला बसवा, खोलीतला दिवा बंद करा, आणि चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरा. शीट जवळ आणली की सावली हलकी होते, लांब नेली की गडद. पाच मिनिटं हे करून बघा, प्रकाशाबद्दल बरंच कळतं.

गुऱ्हाळातले रविवार

शॉट कसे विभागायचे हे तोंडी सांगून कळत नाही, म्हणून एक जागा धरून सांगतो. गुऱ्हाळ घेतो, कारण शिकाऊ माणसाला याच्याइतकी उदार जागा दुसरी नाही. तिथलं काम आदणात चालतं. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, पडल्यापासून गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतेपर्यंत एक आदण, त्याला दोन-तीन तास लागतात, आणि एक संपलं की दुसरं चढतं. म्हणजे तीच माणसं, तेच काम, त्याच जागी पुन्हा करतात. तुम्हाला कुणाला "परत करा" म्हणायची वेळच येत नाही.

पहिल्या आदणाला जवळ जाऊ नका. लांब उभे राहा, एका कोपऱ्यातून सगळं गुऱ्हाळ दिसेल अशी फ्रेम लावा आणि क्रम नीट बघून घ्या. चुलवाणात (काहिलीखालच्या भट्टीत) पिळलेल्या उसाची चिपाडं सारणारा माणूस कुठं बसतो, मळी कोण काढतो, गूळ झाला की नाही ते ठरवणारा गुळव्या कधी उठून काहिलीजवळ येतो. या लांबच्या शॉटला मास्टर म्हणतात. तो पुरेसा मोठा घ्या, कारण पुढं कुठंही अडलात तर तो उपयोगी पडतो.

दुसऱ्या आदणाला जवळ जा, आता काय कधी होणार हे तुम्हाला ठाऊक आहे. रस तापायला लागला की वर हिरवट-काळसर मळी येते, ती झाऱ्यानं काढतात: हा क्लोजअप. चिपाडं आत गेली की जाळ भसकन वर येतो आणि सारणाऱ्याचा चेहरा उजळतो: हा दुसरा, आणि याच्यासाठी एक्स्पोजर जाळावर लावा, चेहऱ्यावर नको, नाहीतर जाळ पांढराफेक होऊन जातो. पाक दाटत आला की मोठे बुडबुडे येतात, रंग सोनेरी होतो. मग गुळव्या थोडा पाक थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी करून बघतो. हा सबंध फिल्मचा क्षण आहे. सगळ्या गुऱ्हाळाची कमाई त्याच्या दोन बोटांच्या अंदाजावर ठरते. त्याची बोटं, त्याचे डोळे, आणि त्याच्याकडं बघत उभी असलेली बाकीची माणसं, असे तीन शॉट घ्या. तिन्ही एकाच आदणात मिळणार नाहीत. गोळी बघायला त्याला काही सेकंदच लागतात. बोटं या आदणाला, डोळे पुढच्याला, बघणारी माणसं त्याच्या पुढच्याला. सकाळच्या चार तासांत एवढी आदणं मावत नाहीत, उरलेली पुढच्या रविवारी. जोडल्यावर ते एकाच वेळी घडल्यासारखे दिसतात.

ते तसे दिसावेत म्हणून कॅमेरा एका बाजूलाच ठेवा. गुळव्या आणि बघणारी माणसं यांच्यामध्ये जमिनीवर एक रेघ आहे असं समजा आणि ती ओलांडू नका. रेघेच्या पलीकडून एक शॉट घेतलात तर पडद्यावर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात आणि प्रेक्षक गोंधळतो.

वाफ दिसायला हवी असेल तर उजेड वाफेच्या मागून यायला हवा. सकाळचं ऊन शेडच्या फटीतून आत येत असेल तर त्याच्या समोरच्या बाजूला उभे राहा. समोरून उजेड पडला की वाफ जवळजवळ नाहीशी होते. लेन्सवर वाफ धरते आणि रसाचे बारीक शिंतोडे चिकटतात, म्हणून दर काही शॉटनंतर मऊ सुती फडक्यानं पुसा. आणि हे गांभीर्यानं घ्या: काहिलीतला पाक गूळ होताना ११८ अंशांच्या आसपास असतो, पाण्याच्या उकळीपेक्षा बराच जास्त, आणि तो अंगाला चिकटतो. काहील ओतायला माणसं सरसावली की त्यांच्या वाटेतून बाजूला व्हा. त्या वेळचा शॉट लांबूनच घ्यायचा. निघताना मालकाला, गुळव्याला दोन क्लिपा दाखवा. पुढच्या वेळी ते स्वतःहून सांगतात, "आता बघा, गोळी बघायला उठलोय."

हीच पद्धत लेथवर, चपलेच्या वेणीवर, तालमीतल्या जोरांवर चालते. जिथं काम पुन्हा पुन्हा होतं तिथं घाईची गरज नाही.

आवाज

नवख्यांच्या फिल्म चित्रामुळं क्वचित पडतात. आवाजामुळं हमखास पडतात. प्रेक्षक जरा अंधारं चित्र चालवून घेतो, पण संवाद कळला नाही की मोबाईल काढतो.

हजाराच्या आत-बाहेर मिळणारा कॉलरचा वायरवाला माइक पहिल्या फिल्मला पुरतो. तो दुसऱ्या एका फोनला लावा, तो फोन पात्राच्या खिशात ठेवा, विमान मोडवर टाका आणि रेकॉर्डिंग सुरू करा. आता वायर कॅमेऱ्यापर्यंत ओढायची गरज उरली नाही. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. चित्रातली टाळी आणि आवाजातलं टोक एडिटमध्ये जुळवलं की झालं. माइक शर्टाच्या आत लपवताना कापडावर कापड घासतं, तिथं वैद्यकीय चिकटपट्टीचा तुकडा लावून तो पक्का करा. आवाजाचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. शून्याला लागून फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरनं शिवता येत नाही.

जागा बघायला जाल तेव्हा डोळे मिटून दोन मिनिटं उभे राहा. पंखा, फ्रिज, शेजारचा मिक्सर, कोपऱ्यावरचा रिक्षा स्टॉप, देवळातली घंटा. पंखा आणि फ्रिज बंद करता येतात. फ्रिज बंद केला की त्यात गाडीची किल्ली ठेवा, म्हणजे जाताना तो परत चालू करायचा राहणार नाही. रिक्षा स्टॉप बंद करता येत नाही, म्हणून तो सीन सकाळी सातला ठेवा. पेठांमध्ये सकाळी नऊनंतर शांतता मिळत नाही. गुऱ्हाळात घाण्याचा आवाज इतका असतो की तिथं संवाद ठेवूच नका. बोलायचं ते माणसांना बाहेर उसाच्या मोळीवर बसवून.

प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प उभं करून तीस सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. संवाद कापताना मध्ये जी भोकं पडतात ती याच शांततेनं बुजवायची असतात. आणि एखाद्या संध्याकाळी ऑफिसवरून येताना पुन्हा त्या जागी जाऊन नुसते आवाज गोळा करा: दाराची कडी, चपलांची करकर, चुलीतली चिपाडं तडतडताना, गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर पेल्यात पडणारी धार. हे आवाज चित्राखाली घातले की पडद्यावरची जागा खरी वाटायला लागते.

परवानग्या, थोडक्यात

खासगी जागेला मालकाची लेखी परवानगी. रस्त्यावर ट्रायपॉड लावून गर्दी होणार असेल तर जवळच्या पोलिस ठाण्यात आधी जाऊन विचारा. अंबाबाईच्या देवळात कॅमेरा चालत नाही, तो विचार सोडून द्या. महाद्वार रोडची गजबज हवी असेल तर एखाद्या ओळखीच्या दुकानदाराच्या पहिल्या मजल्यावरून छान मिळते. पन्हाळा भारतीय पुरातत्त्व विभागाचं संरक्षित स्मारक आहे, तिथं फिरायला जाऊन फोटो काढणं वेगळं आणि ट्रायपॉड लावून कलाकार उभे करणं वेगळं. त्यासाठी विभागाची परवानगी लागते. ड्रोन पहिल्या फिल्मला नकोच. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे आणि कुठं उडवता येतं, कुठं नाही, हे सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळाच्या नकाशावर बघावं लागतं. रंकाळ्यावर सूर्यास्त चौपाटीच्या बाजूनं उभं राहून साध्या फोनवरही सुंदर येतो.

एडिट

घरी आल्याबरोबर, अंघोळीच्याही आधी, क्लिपा दोन ठिकाणी कॉपी करा. लॅपटॉपवर एक, पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर एक. दोन्ही उघडून बघितल्याशिवाय फोन रिकामा करू नका.

डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरून उरते. लॅपटॉप जुना असेल तर त्यातच प्रॉक्सी म्हणजे हलक्या नकला करून घ्या आणि त्यावर काम करा. फोनच्या क्लिपांचा फ्रेम रेट बऱ्याचदा आतल्या आत कमी-जास्त होत असतो, मग लांब शॉटमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होतात. तसं दिसलं तर हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती क्लिप कायम २५ फ्रेमवर करून घ्या आणि मगच टाइमलाइनवर आणा.

पहिल्या बैठकीत फक्त वहीतले "ओके" शॉट क्रमानं लावा. आठ-नऊ मिनिटांचं काहीतरी तयार होईल. ते सबंध बघा, थांबू नका. मग आवाज बंद करून परत बघा. न ऐकता गोष्ट कळत असेल तर बांधणी बरोबर आहे. प्रत्येक शॉटची सुरुवात आणि शेवट कापून बघा: माणूस खुर्चीतून उठायच्या आधीचा विचार हवा असतो, उठून चालत जाणं बहुतेक वेळा नको असतं. नऊ मिनिटांची पाच होतात ती इथंच. आवडता शॉट गोष्टीला जड होत असेल तर तो वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा, नष्ट करू नका. मन घट्ट करणं सोपं जातं.

एखादा शॉट कमी आहे असं लक्षात येईल. येतंच. यासाठीच तर जवळची जागा निवडली होती. पात्राचा तोच शर्ट धुवून ठेवायला सांगा, त्या वेळचं ऊन कुठून येत होतं ते क्लिपमध्ये बघा, आणि पुढच्या रविवारी त्याच तासाला जाऊन तो एक शॉट घेऊन या.

संगीतासाठी सिनेमातलं गाणं उचलू नका. ऑनलाइन टाकताच हक्काचा दावा येतो आणि महोत्सव अशी फिल्म घेत नाहीत. गल्लीतल्या हलगीवाल्याला भेटा. हलगी-घुमक्याचा दहा मिनिटांचा ठेका मोकळ्या मैदानात रेकॉर्ड केला तर त्यातून तीस सेकंदांचं पार्श्वसंगीत निघतं, आणि ते जगात दुसऱ्या कुणाच्या फिल्ममध्ये नसतं. वाजवणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत मोठं घाला आणि त्याचं मानधन द्या, ते वाजवणंच त्याचं पोट आहे.

दाखवणं

पहिला खेळ ज्यांनी काम केलं त्यांच्यासाठी. तालमीच्या हॉलमध्ये, गच्चीवर, पांढऱ्या चादरीवर भाड्याच्या प्रोजेक्टरनं. स्पीकर मात्र बरा आणा. लोक कुठं हसतात, कुठं कुजबुजतात, कुठं मान खाली घालतात हे अंधारात बाजूला बसून टिपा. पहिल्या खेळानंतर वीस-तीस सेकंद अजून कापावे लागतात, त्याची तयारी ठेवा.

दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन कोल्हापुरातल्या सिनेमावाल्यांचं जुनं भेटायचं ठिकाण आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरवते. स्वतःची फिल्म नसली तरी जा. देशोदेशीचे चित्रपट मोठ्या पडद्यावर बघायला मिळतात, आणि मध्यंतराच्या चहाला पुढच्या फिल्मचा साउंडवाला, संकलक, नायिका यांच्याशी ओळखी होतात. माहितीपट केला असेल तर मुंबईचा मिफ हा माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा महोत्सव आहे, दोन वर्षांतून एकदा भरतो.

बाहेर पाठवायची असेल तर फिल्म आधी यूट्यूबवर टाकू नका. काही महोत्सव ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत. प्रवेशाचे नियम वाचून मगच फी भरा आणि नवख्यानं आधी फी नसलेल्या ठिकाणांपासून सुरुवात करावी. इंग्रजी सबटायटल करा, वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये. एका वेळी दोनच ओळी, ओळीला चाळीसच्या आसपास अक्षरं, आणि कुठलीही ओळ एक सेकंदापेक्षा कमी दिसू नये. "न्हाई बसायचं हितनं फुडं" याचं सबटायटल शब्दाला शब्द करू नका, पोराचा तोरा पोचेल असं करा आणि मराठी न येणाऱ्या एखाद्या मित्राला दाखवून घ्या. सोबत दोन ओळींचा सारांश, फिल्ममधला एक चांगला फोटो आणि तुमचा एक फोटो तयार ठेवा. हे सगळं एका फोल्डरमध्ये असलं की प्रवेशिका भरायला जेवणानंतरचा एक तास पुरतो.